आठव्या-नवव्या वर्षी नशेला लागलेल्या पोराने स्वतःहून मदत मागेपर्यंत थांबायचं का?

सुहास_कल्याण:
स्टेशनवर पंक्चरचं सोल्युशन नशेसाठी हुंगणारी पोरं सगळेच बघतात, रुमाल नाकाला आणि डोळे तारवटलेले. परवा एका ओळखीच्या कार्यकर्त्याशी यावरून वाद झाला, तो म्हणाला पोराची स्वतःची इच्छा झाल्याशिवाय काही उपयोग नाही. मला हे अजिबात पटत नाही. मोठा माणूस दारूत अडकला तर त्याला निदान आठवतं की आधी आपली नोकरी होती, पोरांबरोबर जेवायला बसायचो. ज्याने आठव्या वर्षी पंक्चरचं सोल्युशन हुंगलं त्याला 'आधीचं' असं काही नाहीच, मग इच्छा येणार कुठून? एम्सच्या २०१९ च्या अहवालात हुंगायच्या नशेचं प्रमाण १० ते १७ वयात १.१७ टक्के आहे आणि मोठ्यांत ०.५८. सगळ्या नशांमध्ये ही एकच अशी आहे जिथे मुलं मोठ्यांच्या पुढे आहेत. उचला आणि उपचाराला न्या, बास.

मीनल_प:
सुहासदादा, उचलून कुठे नेणार? पळून जातात ती. बाप मारतो म्हणून घर सोडलेलं, बाहेर पोलीस हाकलतात, आणि आता अजून एक मोठा माणूस दंडाला धरून गाडीत घालतोय, पोराला फरक कसा कळणार? सोल्युशनने भूक मरते, थंडी वाजत नाही, म्हणून ते ओढतात. आधी रोज जेवण द्या, पायाच्या जखमेला पट्टी करा, रात्री झोपायला सुरक्षित जागा द्या, मग रुमाल मागा. याला वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो.

सुहास_कल्याण:
ताई, तेवढ्या वेळात मेंदूचं काय होतं? सोल्युशनमध्ये टोल्युईन नावाचं विषारी रसायन असतं, एखाद्याचं हृदय जागच्या जागी बंद पडू शकतं. थांबा म्हणणं सोपं आहे.

जुना_गर्दुल्ला:
मी शाळेत असतानाच ब्राउन शुगरला लागलो, त्यामुळे दोघांना सांगतो. मला मदत नको होती असं नाही, मदत करणाऱ्यावर विश्वास नव्हता. तोपर्यंत ज्याने काही फुकट दिलं त्याने नंतर वसूल केलंच होतं, पहिली पुडी पण फुकटच मिळालेली. आईने आणि मामाने जबरदस्तीने अ‍ॅडमिट केलं, टर्कीत, म्हणजे नशा बंद झाल्यावर अंगाला त्रास होतो त्या दिवसांत, त्यांना वाट्टेल त्या शिव्या दिल्या, बाहेर आल्यावर परत प्यायलो. म्हणजे सुहासभाऊ, नुसतं उचलून भागत नाही. पण मीनलताई, त्यांनी उचललं नसतं तर मी आज हे लिहायला नसतो. टिकलो ते आमच्या वार्डातल्या एका जुन्या पेशंटमुळे, मी प्यायलेला असलो तरी तो घरी यायचा, लेक्चर द्यायचा नाही, नशा सोडणाऱ्यांच्या मीटिंगला चल एवढंच म्हणायचा. एक दिवस गेलो. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचटांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं तेव्हापासून तिथे बरे झालेले पेशंटच पुढे कार्यकर्ते होतात, ते उगाच नाही.

वकील_वहिनी:
आणि विकणाऱ्याचं काय? बाल न्याय कायदा २०१५, कलम ७७, मुलाला नशेचा पदार्थ दिला तर ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. घरचे मात्र पोलीस केस होईल म्हणून पोराला लपवतात. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४अ मध्ये थोड्या मालासकट सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात गेला आणि त्याने उपचार पूर्ण केले तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे, हे आईबापांना कोणी सांगतच नाही.

मीनल_प:
गर्दुल्लेदादा, तुमच्यामागे आई आणि मामा होते. स्टेशनवरच्या पोराला जबरदस्तीने नेणारा माणूस त्याने शिव्या दिल्यावर, परत प्यायल्यावरही येत राहणार आहे का? तो असेल तर माझा विरोध नाही.

सुहास_कल्याण:
हे मान्य. पण तोवर पोराला तिथेच सोडायचं, हे मी मान्य करणार नाही. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाईन आहे, निदान तिथे तरी फोन करा.