शब्दचर्चा : ‘कंटेनमेंट’साठी मराठीत नेमका शब्द कोणता?

वेदवती
शीतयुद्धाच्या प्रारंभाविषयीच्या एका दीर्घ लेखाचा अनुवाद मी सध्या करीत आहे आणि १९४७ सालापाशी येऊन अडले आहे. जॉर्ज केनन या अमेरिकी मुत्सद्द्याने त्या वर्षीच्या जुलै महिन्यात ‘फॉरेन अफेअर्स’ या नियतकालिकात ‘एक्स’ या सहीने लेख लिहिला आणि सोव्हिएत विस्ताराच्या ‘कंटेनमेंट’चे धोरण मांडले. मी ‘आटोक्यात ठेवण्याचे धोरण’ असे लिहिले होते. संपादकांनी ते खोडून ‘प्रतिबंधाचे धोरण’ केले आणि समासात शेरा मारला की, आग आटोक्यात आणतात, राष्ट्र नव्हे. माझी हरकत अशी की, प्रतिबंध म्हटले की बंदी डोळ्यांपुढे येते, आणि वर्तमानपत्रांतील आर्थिक ‘निर्बंधां’शी वाचक त्याची गल्लत करण्याचाही संभव आहे. केननने या शब्दाला दीर्घ मुदतीचे, संयमी, परंतु ठाम आणि दक्ष अशी विशेषणे जोडली आहेत. संयमी प्रतिबंध म्हणजे काय, हे मला तरी उमगत नाही. जाणकारांनी सुचवावे.

तळटीप
संपादकांच्या बाजूने एक पुरावा नोंदवतो. करोनाच्या साथीत ‘कंटेनमेंट झोन’चे शासकीय मराठी रूप ‘प्रतिबंधित क्षेत्र’ असेच होते आणि ते महाराष्ट्रभर गल्लीच्या तोंडाशी फलकांवर झळकत होते. तेव्हा प्रतिबंध या शब्दाला आधार नाही, असे म्हणता येणार नाही.

वेदवती
तो आधार मला ठाऊक आहे, पण त्या क्षेत्रात ये-जा करण्यास खरोखरच बंदी होती. केननच्या लेखात बंदी कोणावर आहे?

जुना खडू
वेदवतीताई, आम्ही वर्गात ‘साम्यवादाच्या प्रसाराला पायबंद’ असे सांगत असू आणि विद्यार्थ्यांना ते चटकन समजत असे. एक सूचना मात्र आवर्जून करतो. केननचा लेख आणि अमेरिकी अध्यक्ष ट्रूमन यांचे भाषण यांची आपल्याकडे सर्रास सरमिसळ होते. २१ फेब्रुवारी १९४७ रोजी ब्रिटनने वॉशिंग्टनला कळवले की, ग्रीस आणि तुर्कस्तान यांचा भार यापुढे आपल्याला पेलणार नाही. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १२ मार्च रोजी, ट्रूमन यांनी अमेरिकी काँग्रेसपुढे उभे राहून त्या दोन देशांसाठी ४० कोटी डॉलर मागितले. त्या भाषणात ‘कंटेनमेंट’ हा शब्द नाही. लेख त्यानंतर चार महिन्यांनी आला. म्हणजे कृती आधी आणि संज्ञा मागाहून, असा हा क्रम आहे. तुमच्या लेखात तो उलटा आला असेल, तर शब्दापेक्षा तेच आधी दुरुस्त करावे.

तळटीप
सर, पायबंद आपण आपल्याच तबेल्यातल्या घोड्याला घालतो. ज्या सोव्हिएत संघाने सुमारे २ कोटी ७० लाख माणसे गमावून हिटलरची सेना बर्लिनपर्यंत मागे रेटली, तो १९४७ मध्ये कोणाच्या दावणीला बांधलेला होता? ‘वेसण घालणे’ यावरही माझा हाच आक्षेप आहे. कोणी सुचवण्याआधीच तो नोंदवून ठेवतो.

स्वभाषक
पायबंद मुळात फारसी आहे, हा त्याहून मोठा आक्षेप आहे. ‘पाय’ आपला वाटतो म्हणून आपण फसतो. फारसीतही पाय हा पायच आहे. ज्या भाषेने ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ हे सावरकरांनी रुजवलेले शब्द पचवले, तिला ‘अवरोधन’ जड जाण्याचे कारण नाही. अवरोधनाचे धोरण म्हणावे आणि पुढे जावे.

कोरडवाहू
अवरोधन ऐकले की मला दवाखाना आठवतो. पुढे जाण्याआधी केननचा मूळ लेख एकदा पाहावा, अशी विनंती आहे. सोव्हिएत राजकारणाला त्याने सतत वाहणाऱ्या प्रवाहाची उपमा दिली आहे. वाट मिळेल तिकडे हा प्रवाह सरकतो आणि जागतिक सत्तेच्या खोऱ्यात जेवढे कोपरे-कपाऱ्या रिकाम्या असतील तेवढ्या भरू पाहतो. समोर न हलणारा अडसर आला, तर आदळआपट न करता त्याच्याशी जुळवून घेतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. खोरे, प्रवाह आणि अडसर ही मांडणी आमच्या मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा पाणलोटाच्या कामांवर रंगवलेली आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत आणि केननचे धोरण नेमके तेच आहे. बांध घालून प्रवाह थोपवायचा; दीर्घकाळ थोपवला की सोव्हिएत सत्तेचे एक तर विघटन होईल किंवा ती हळूहळू मवाळ होईल, हे भाकीत त्याच लेखात आहे. त्यातला पहिला भाग म्हणजे अडवणे आणि दुसरा म्हणजे जिरवणे. ‘एखाद्याची जिरवणे’ हा मराठीतला दुसरा अर्थही येथे वाया जात नाही. म्हणून माझे मत ‘थोपवण्याचे धोरण’ या शब्दयोजनेला. थोपवण्यात संयम आहे, ठामपणा आहे आणि बंदी नाही.

नेवाकाठ
कोरडवाहू यांची मांडणी मला मनापासून आवडली, पण हे सारे बांधाच्या एकाच बाजूने चालले आहे. मी विद्यार्थिदशेत काही वर्षे लेनिनग्राडला होते. रशियन भाषेत या धोरणाला ‘स्देर्झिवानिये’ म्हणतात. ‘धरून ठेवणे’ या अर्थाच्या धातूपासून तो शब्द आला आहे आणि अण्वस्त्रांच्या धाकाने शत्रूला परावृत्त करणे, ज्याला इंग्रजीत ‘डिटरन्स’ म्हणतात, त्यासाठीही रशियन भाषेत हाच शब्द चालतो. इंग्रजीत ज्या दोन कल्पना निराळ्या आहेत, त्या रशियन वाचकासाठी एकाच शब्दात नांदतात. अमेरिकेने थोपवले आणि अमेरिकेने धाक घातला, या दोन वाक्यांत त्याला फारसे अंतर दिसत नाही, यात नवल नाही.

दुसरे असे की, केननने फेब्रुवारी १९४६ मध्ये मॉस्कोहून पाठवलेल्या लांबलचक तारेची सगळेच आठवण काढतात. तिचे सोव्हिएत भावंड मात्र मराठीत कोणी फारसे उल्लेखत नाही. वॉशिंग्टनमधील सोव्हिएत राजदूत निकोलाय नोविकोव्ह यांनी २७ सप्टेंबर १९४६ रोजी मॉस्कोला अहवाल धाडला. युद्धातून धष्टपुष्ट होऊन निघालेली अमेरिका आता जगावर वर्चस्व मिळवू पाहत आहे आणि दूरदूर उभारलेले तिचे लष्करी तळ हा त्याचा पुरावा आहे, असे त्यात म्हटले होते. सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह यांनी त्यातील ओळी अधोरेखित करीत तो वाचला. त्या टेबलावरून पाहिले, तर ज्याला तुम्ही थोपवणे म्हणता, त्याला मराठीत ‘कोंडी करणे’ हाच शब्द आहे.

तळटीप
येथे मी नेवाकाठ यांच्याशी सहमत आहे, आणि वेदवती यांची खरी अडचण कोशातली नसून इतिहासातली आहे असे मला वाटते. ‘आवर घालणे’ म्हटले की कोणी तरी उधळलेले होते, हे आपण मान्य करून बसतो. ‘कोंडी’ म्हटले की कोणी तरी निरपराध कोंडला गेला. ‘थोपवणे’ म्हटले की चाल करून येणारा ठरलाच. कोणताही शब्द घेतला, तरी हे वैर कोणी सुरू केले याचा निकाल क्रियापदातच लागतो. निदान ग्रीसच्या बाबतीत तरी तो इतका सोपा नाही. ऑक्टोबर १९४४ मध्ये मॉस्कोत चर्चिल यांनी कागदाच्या एका कपट्यावर टक्केवारी लिहून ग्रीस ९० टक्के ब्रिटनकडे आणि रुमानिया ९० टक्के रशियाकडे असा हिशेब मांडला, आणि स्टालिन यांनी त्यावर निळ्या पेन्सिलीने खूण केली. पुढे ग्रीक साम्यवादी बंडखोरांना मदत मिळाली ती मुख्यतः टिटोंच्या युगोस्लाव्हियाकडून. मग १९४७ मध्ये ग्रीसमध्ये नेमके कोणाला थोपवले?

जुना खडू
तळटीप, तो कपटा दाखवून तुम्ही पोलंडमधून सुटू शकत नाही. फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेत तेथे मुक्त निवडणुकांचे वचन दिले गेले होते. जानेवारी १९४७ मध्ये ज्या निवडणुका झाल्या, त्यांना मुक्त म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. इराणचेही तसेच आहे. मार्च १९४६ च्या प्रारंभी तेथील सोव्हिएत सैन्य मागे घेण्याचा करार असताना ते मे महिन्यापर्यंत रेंगाळले. उधळणे झाले नव्हते, असे मी तरी म्हणणार नाही.

स्वभाषक
आपण इतिहासाच्या वर्गात शिरलो आहोत. शब्दाकडे वळू. ‘शीतयुद्ध’ ही संज्ञा पाहा. किती नेटकी, किती निर्दोष! एकही परका वर्ण नाही. अशीच घडण ‘कंटेनमेंट’लाही मिळाली पाहिजे.

कोरडवाहू
निर्दोष कशी? मराठी घरात शीत म्हणजे शिजलेल्या भाताचा दाणा. गार पाण्याला कोणी शीत पाणी म्हणत नाही. शाळेत हा शब्द प्रथम ऐकला, तेव्हा भातावरून भांडण झाले असावे असे मला वाटले होते. आणि युरोपला अमेरिकी मदत देणारी मार्शल योजना पाहिली, तर ते अगदीच चूक नव्हते. असतील शिते तर जमतील भुते.

नेवाकाठ
भुते जमू दिली नाहीत, हीच तर तेव्हाची गोष्ट आहे. अमेरिकी परराष्ट्रमंत्री मार्शल यांनी ५ जून १९४७ रोजी हार्वर्डला योजना जाहीर केली, तेव्हा पूर्व युरोपला दार बंद नव्हते. मोलोटोव्ह पॅरिसला चर्चेसाठी गेले आणि २ जुलैला बैठक सोडून निघाले. चेकोस्लोव्हाकियाने तर निमंत्रण स्वीकारलेही होते. त्याच्या मंत्र्यांना मॉस्कोला बोलावून ते मागे घ्यायला लावले गेले. माझ्या मते दुफळीवर शिक्कामोर्तब झाले ते त्या जुलैत, चर्चिल यांच्या ‘पोलादी पडद्या’च्या फुल्टन येथील भाषणात नव्हे.

तळटीप
‘शीतयुद्ध’ या शब्दाच्या वंशावळीत तर फार मौज आहे. ऑक्टोबर १९४५ मध्ये ‘ट्रिब्यून’ या ब्रिटिश साप्ताहिकात जॉर्ज ऑर्वेल यांनी तो अणुबॉम्बच्या संदर्भात वापरला. १६ एप्रिल १९४७ रोजी अमेरिकी अध्यक्षांचे सल्लागार राहिलेल्या बर्नार्ड बरूक यांच्या भाषणात तो आला. त्याच वर्षी अमेरिकी स्तंभलेखक वॉल्टर लिपमन यांनी केननच्या लेखावर टीका करणारी लेखमाला लिहिली, आणि ती याच नावाने पुस्तकरूपाने आल्यावर शब्द सर्वतोमुखी झाला. म्हणजे कंटेनमेंट आणि शीतयुद्ध हे शब्द एकाच भांडणात वाढले आहेत. त्याच्याही मागे चौदाव्या शतकातील स्पॅनिश लेखक दोन हुआन मॅन्युएल यांचा दाखला दिला जातो, पण त्यांच्या मूळ वाक्यात थंड नव्हे, तर कोमट असा शब्द होता आणि एकोणिसाव्या शतकातील संपादकाने तो बदलला, असे अभ्यासक सांगतात. संपादकांच्या शेऱ्यांचा त्रास जुनाच दिसतो.

रंगपट
फुल्टनचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. ‘युरोपवर पोलादी पडदा पडला’ हे वाक्य आपण किती सहजपणे लिहितो, पण ‘पडदा पडला’ म्हणजे मराठीत प्रकरण संपले! ५ मार्च १९४६ रोजी बाल्टिकवरील स्टेटिनपासून एड्रिअ‍ॅटिकवरील ट्रिएस्टपर्यंतचा तो पडदा चर्चिल यांनी वर्णन केला, तेव्हा नाटक नुकते सुरू होत होते, आणि अध्यक्ष ट्रूमन स्वतः व्यासपीठावर बसलेले होते. मूळ पडदाही रंगभूमीचाच आहे. युरोपातील नाट्यगृहांत आग लागली, तर ती प्रेक्षागृहात पसरू नये म्हणून रंगमंचापुढे लोखंडी पडदा सोडत. म्हणजे तो बंदोबस्त आग आटोक्यात ठेवण्यासाठीच होता. ‘पडदा उतरला’ असे लिहावे, अशी माझी शिफारस आहे. मात्र लोखंडाचे पोलाद मराठीत कोणी केले?

नेवाकाठ
रशियनमध्येही तो लोखंडीच आहे. स्टालिन या टोपणनावातच पोलाद आहे, म्हणून मराठी पत्रकारांना पोलाद सुचले असेल काय?

तळटीप
सुंदर कल्पना आहे, पण पुरावा शून्य. सरदार पटेलांना हिंदीत ‘लौहपुरुष’ म्हणतात आणि मराठीत ‘पोलादी पुरुष’. त्यांचा स्टालिनशी काय संबंध? कणखर वस्तू पोलादाची असावी, अशी आपली जुनीच आवड आहे.

स्वभाषक
पडदा, पोलाद, दोन्ही फारसी. ‘लोहयवनिका’ का नको?

रंगपट
कारण ती ओढायला माणूस मिळणार नाही.

वेदवती
मी तूर्त ‘थोपवण्याचे धोरण’ आणि ‘आटोक्यात ठेवण्याचे धोरण’ या दोहोंपर्यंत आले आहे. आपल्याला अभिप्रेत असलेले थोपवणे मुख्यतः राजकीय होते आणि त्याला लष्करी रूप दिले गेले, अशी तक्रार केननने पुढे आयुष्यभर केली. ‘थोपवणे’ फार सैनिकी वाटते काय?

जुना खडू
‘नाकेबंदी’ कसा वाटतो? सैन्य आणि व्यापार, दोन्ही त्यात येतात.

तळटीप
सर, तो शब्द येथे खर्च केला, तर बर्लिनला काय द्याल? २४ जून १९४८ रोजी सोव्हिएत अधिकाऱ्यांनी पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे आणि कालवे अडवले, ती अस्सल नाकेबंदी होती. जमिनीवरील मार्गांबाबत लेखी हमी नव्हती, पण तीन हवाई मार्गिकांचा करार नोव्हेंबर १९४५ मध्येच झालेला होता. नाके जमिनीवर असते, आकाशात नसते, म्हणून तर १२ मे १९४९ रोजी वेढा उठेपर्यंत आणि त्यानंतरही काही महिने विमानांनी रसद पोहोचवली. सुमारे २३ लाख टन, त्यात मोठा वाटा कोळशाचा.

स्वभाषक
रसद फारसी आहे. पुरवठा म्हणावे.

कोरडवाहू
वेढ्यातल्या गावाला रसदच लागते, पुरवठा शिधावाटप कार्यालयाकडे असतो. आणि तो शब्द नाकाबंदी आहे की नाकेबंदी, हे आधी कोणी तरी सांगावे. आमच्याकडे पोलीस रात्री करतात ती नाकाबंदी.

जुना खडू
पोलिसांची नाकाबंदी आणि बर्लिनची नाकेबंदी. मी चाळीस मुलांच्या वर्गात दोन्ही निरनिराळे शिकवले आहेत.

तळटीप
सर, कशाच्या आधारावर?