मदत हवी आहे: किमान वेतन विरुद्ध घरखर्च, कमावते किती धरायचे?

ताशी दर × आठवड्याचे तास × ५२ ÷ १२ असं मासिक किमान वेतन काढून कपाती वजा केल्या. (४ आठवड्यांचा महिना धरला की वर्षातले ४ आठवडे गायब!) ओव्हरटाइम धरलेला नाही. खर्च अँकर पद्धतीने (कुटुंबाला नीट जगायला किती वेतन लागतं ते काढायची पद्धत): अन्न, घर, बाकीचा खर्च, वर ५ टक्के अडीअडचणीला. भाडं नव्या करारांचंच घेतलंय; जुन्या भाडेकरूंचं घेतलं तर आकडा उगाच गोड दिसतो.

अडलंय भाजकावर, म्हणजे घरखर्चाला किती कमावत्यांनी भागायचं यावर. कुटुंब चौघांचं, त्यात २ मुलं. कमावता १ धरला तर वेतन तोकडं, २ धरले तर पुरून उरतं. बेकारी आणि अर्धवेळ काम लक्षात घेऊन मधला आकडा काढताना रोजगाराचा दर सगळ्या प्रौढांचा घ्यावा की २५ ते ५९ वयोगटाचाच? आणि दुसरा कमावता धरला, तर पाळणाघराचा खर्च वेगळा मिळवायचा का?