मदत हवी आहे: ओटोफर्लिनचा दोष, एक कान राखून ठेवावा का?

मंडळी, इंदूरहून विचारतेय. भाची सव्वा वर्षाची आहे. कुकरची शिट्टी झाली तरी वळत नाही. फरशीवर ताट आपटलं की थरथर जाणवून बघते. जन्मानंतरची ओएई (आतल्या कानातल्या पेशींचा प्रतिसाद मोजणारी चाचणी) पास होती, म्हणून निदान लांबलं. बेरामध्ये (आवाजाला श्रवणनस आणि मेंदू प्रतिसाद देतात का, ते पाहणारी चाचणी) दोन्ही कानांत लहरी नाहीत, एमआरआयमध्ये श्रवणनस व्यवस्थित. जनुक तपासणीत ओटोफच्या (OTOF, ओटोफर्लिन प्रथिन बनवणारं जनुक) दोन्ही प्रती सदोष निघाल्या.

म्हणजे आतल्या कानातल्या केसपेशी आवाज पकडतात, पण ओटोफर्लिन प्रथिनाअभावी कॅल्शियम आत येऊनही ग्लुटामेट हे निरोप नेणारं रसायन सायनॅप्समध्ये (पेशी आणि नस यांच्या जोडावर) सुटत नाही आणि निरोप श्रवणनसेपर्यंत पोचत नाही. श्रवणयंत्र लावून पाहिलं, फरक नाही. डॉक्टर लवकर कॉक्लिअर इम्प्लांट (श्रवणनसेला थेट विद्युत संकेत देणारं, शस्त्रक्रियेने बसवायचं यंत्र) सुचवतात. नस शाबूत आहे, त्यामुळे ते पटतंही. बोलणं शिकायचं वय हातचं घालवायचं नाही, वाट बघत बसणार नाही.

पण २०२४ मध्ये शांघायहून या जनुकाच्या उपचाराचे (जनुकाची चांगली प्रत कानात सोडण्याचे) आशादायक निकाल आले. आम्हाला मुंबई-पुण्यापर्यंत जाता येईल, परदेशी नाही.

ओटोफचंच निदान असलेल्या मुलांचे पालक किंवा ऑडिओलॉजिस्ट इथे असतील तर सांगा: दोन्ही कानांना एकदमच इम्प्लांट करावं, की एकाला करून दुसरा जनुकोपचारासाठी राखावा? राखला तर भाषेत मूल मागे पडतं का?