प्रतिसाद: मॉर्फोचा निळा आणि काळवंडलेले भुंगे

कीटकचित्रकार मारिया सिबिला मेरियनच्या १७०५च्या, सुरिनाममधल्या कीटकांवरच्या ग्रंथाच्या प्रतींमध्ये मॉर्फो फुलपाखराचा निळा वेगवेगळा दिसतो, तो 'रंग उडाला म्हणून' असं मूळ पोस्टमध्ये म्हटलंय. फक्त तेवढंच नाही. छापील रेषांवर प्रत्येक रंगीत प्रत हाताने रंगवलेली, त्यामुळे फरक मुळातच असणार. शिवाय पंखातला निळा हा रंगद्रव्याचा नाहीच. खवल्यांच्या सूक्ष्म रचनेतून तो परावर्तित होतो. चित्रकाराचं ॲझुराइट (निळ्या खनिजाची पूड) भरड ठेवलं तर गडद, बारीक वाटलं तर फिकट. ती चकाकी काही येत नाही.

चकाकीसाठी खरा इलाज धातूचा. सोन्याचा वर्ख मधात खलायचा, मध पाण्याने पूर्ण धुऊन काढायचा, मग बाभळीच्या जातीच्या डिंकाच्या पाण्यात कालवून ब्रशने लावायचा. डिंक कमी पडला तर सोनं बोटाला लागतं, जास्त झाला तर काळपट होऊन तडकतं. चांदी स्वस्त, पण हवेतल्या गंधकाने काळी पडते. म्हणून जुन्या चित्रातला काळा भुंगा मुळात काळाच होता असं धरू नका! सोळाव्या शतकातला चित्रकार हूफनागेल याने तर चतुराचे खरे पंखच चर्मपत्रावर चिकटवले. पंख टिकतात, चतुराच्या अंगाचा रंग मात्र मेल्यावर लवकर विटतो, त्यामुळे तो जिवंतपणीच टिपावा लागतो.