गच्चीवरचा सेन्सर, वाऱ्याची दिशा आणि बिल्डरला द्यायचं पत्र

सी-६०१: आपल्या गच्चीवरच्या हवेच्या सेन्सरचा सकाळी साडेसातचा स्क्रीनशॉट टाकलाय, सगळ्यांनी बघा. पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिबारीक कण, आजही लाल. मागचं बांधकाम सुरू झाल्यापासून हेच चाललंय. सेक्रेटरीसाहेब, आजच्या आज पत्र द्या, पुरावा समोर आहे.

सेक्रेटरी: पत्र द्यायला माझी ना नाही. पण "धूळ आमचीच कशावरून?" हे बिल्डर पहिल्या मिनिटाला विचारणार. त्याचं उत्तर हातात हवं.

बी-२०३: नातवाला दमा आहे. भांडण कुणाशी करायचं ते तुम्ही ठरवा, मला फक्त खिडक्या कधी उघडू ते सांगा.

ए-५०२: काकू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. दादांच्या प्रश्नाचं अर्धंच आहे. सेन्सरचे तासातासाचे आकडे उतरवून घेतले, विमानतळाच्या हवामान नोंदीतून त्याच तासांची वाऱ्याची दिशा आणि वेग घेतला, आणि दोन्ही एका आलेखात बसवले. नुसता पीएमचा आकडा हवा किती खराब ते सांगतो. ती कुठून आली हे कळायला वारा सोबत लागतोच. आलेख टाकतोय.

सी-६०१: हे गोल काय आहे? मला तर नुसता डाग दिसतोय.

ए-५०२: वर उत्तर, उजवीकडे पूर्व, हे नकाशासारखंच. वर्तुळाचा मध्य म्हणजे वारा पडलेला. मध्यापासून जेवढं बाहेर जाल तेवढा वाऱ्याचा वेग जास्त. आणि रंग म्हणजे, त्या दिशेकडून त्या वेगाने वारा येत होता तेव्हाच्या सगळ्या तासांची पीएम २.५ ची सरासरी. आता आपला गडद डाग बघा. तो बरोबर मध्यावर आहे, जरासा पूर्वेकडे ओघळलेला. पूर्वेला हायवे. बांधकाम पश्चिमेला आहे, आणि तिकडून जोराचा वारा येतो तेव्हा पश्चिमेची कड फिकट पडलीय.

सी-६०१: म्हणजे बिल्डर सुटला?

ए-५०२: नाही, दादा. या आलेखावरून त्याला सोडताही येत नाही. आपला सेन्सर कणांवर लेझरचा प्रकाश टाकतो आणि तो किती विखुरतो त्यावरून मोजतो. धुरातले बारीक कण त्याला बऱ्यापैकी सापडतात. खोदकामाची, सिमेंटची जाड धूळ नीट सापडत नाही. स्क्रीनवर पीएम १० म्हणून, म्हणजे जाड कणही धरून, जो आकडा येतो तो बराचसा बारीक कणांवरून लावलेला अंदाज असतो. तेव्हा तुमच्या खिडकीच्या चौकटीवर रोज बसणारी धूळ खरी आहे, ती मोजणारं यंत्र आपल्याकडे नाही. पत्रात हा स्क्रीनशॉट जोडला तर त्यांचा कुणीही जाणकार दोन मिनिटांत तो खोडून काढेल आणि खऱ्या तक्रारीचीही किंमत जाईल.

सी-१०४: पण दादा, विंडी ॲपवर तर वाऱ्याच्या रेषा आणि प्रदूषण दोन्ही दिसतात. मी रोज बघतो. आपल्या भागावरच रंग गडद असतो.

ए-५०२: बघत जा, चांगलं आहे ते. विंडी काय किंवा अर्थ नलस्कूलची वाऱ्याचे नकाशे दाखवणारी साइट काय, दूरवरून येणारा धूर किंवा वाळवंटातली धूळ कळायला त्यांच्याइतकं सोपं काही नाही. पण तिथे दिसतं ते मॉडेलचं गणित, आपल्या गच्चीवरची मोजणी नव्हे. अमेरिकेचं जीएफएस हे हवामानाचं मॉडेल दर ६ तासांनी नव्याने चालतं आणि त्याचा एक चौकोन साधारण २५ ते २८ किलोमीटरचा. युरोपच्या कोपर्निकस सेवेचा जागतिक प्रदूषण अंदाज त्याहून मोठ्या चौकोनांत असतो. एवढ्या चौकोनात हायवे, बांधकाम आणि आपण, सगळे एकाच ठिपक्यात येतो. पडद्यावर रंग एकातून एक अलगद मिसळताना दिसतात ना, ते मधलं मिसळणं सॉफ्टवेअरने भरलेलं असतं. त्यावरून या गेटची हवा चांगली आणि त्या गेटची वाईट असं म्हणता येत नाही.

आणखी एक. पूर्वेचा वारा म्हणजे पूर्वेकडून येणारा. नकाशावरच्या रेषा मात्र वारा जातो तिकडे धावतात. यात गल्लत झाली की दोष बरोबर उलट्या बाजूच्या माणसावर जातो.

सेक्रेटरी: तुझा गोल आलेख काढायच्या सॉफ्टवेअरसाठी कमिटीचा ठराव लागेल का?

ए-५०२: नाही, फुकट आहे. आर नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ओपनएअर म्हणून पॅकेज आहे, डेव्हिड कार्सलॉ आणि कार्ल रॉपकिन्स यांनी खास हवेच्या प्रदूषणाच्या आकड्यांसाठी बनवलेलं. हा गोल आलेख त्यातलाच. लॉबीतल्या स्क्रीनवर चालू आकडे दाखवायचे तर ग्राफाना म्हणून सॉफ्टवेअर आहे. फक्त त्यात इंद्रधनुषी रंगपट्टी निवडू नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. हिरव्यातून पिवळ्यात जाताना डोळ्याला एकदम उडी दिसते, आकड्यात तेवढी उडी नसते, आणि लोक उगाच घाबरतात. शिवाय ज्यांना लाल-हिरवा फरक दिसत नाही त्यांना काहीच कळत नाही. फिकट ते गडद अशी सरळ चढती पट्टी ठेवू.

सी-१०४: मी इंजिनीअरिंगला आहे, हे मी करू शकेन. आकडे एक्सेलमध्ये घेऊन तासाची सरासरी काढू ना?

ए-५०२: जरूर कर, पण दिशेची सरासरी तशी काढू नकोस. ३५० अंश आणि १० अंश, दोन्ही जवळजवळ उत्तरेचेच वारे. साधी सरासरी १८० येते, म्हणजे थेट दक्षिण! दिशेचे साइन-कोसाइन घटक करून मग सरासरी काढायची. वेळही तपास, विमानतळाच्या नोंदी यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत असतात आणि सेन्सर स्थानिक वेळेत. त्या जुळल्या नाहीत तर सकाळची गर्दी भलत्याच वाऱ्याच्या नावावर जमा होते. आणि हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी शोषून फुगतात, सेन्सर वाजवीपेक्षा जास्त दाखवतो. धुक्याचे तास वेगळे काढून एकदा आलेख काढ, मला बघायला आवडेल.

बी-२०३: माझी खिडकी राहिली.

ए-५०२: काकू, रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा गार आणि वरची उबदार राहते. त्यामुळे खालची हवा वर जात नाही, वाराही पडतो, आणि दिवसभराचा धूर खालीच साठतो. त्यावर सकाळच्या गाड्यांची भर. ऊन तापलं की हवा वर-खाली मिसळते आणि आकडा उतरतो. आलेखात मध्यावर डाग आहे तो याचाच. आपल्याकडे ७ ते ९ सगळ्यात वाईट, ११ नंतर बरं, दुपारी सगळ्यात चांगलं. तेव्हा पहाटे "ताजी हवा" म्हणून खिडक्या उघडू नका, दुपारी उघडा. पूर्वेकडची खिडकी संध्याकाळच्या रहदारीत बंद ठेवा. त्याचा श्वास लागला तर आकड्याकडे न बघता डॉक्टरांनी सांगितलेलं औषध आधी.

बी-२०३: बरं झालं सांगितलंस बाळा. मी रोज सहाला उठून सगळं उघडत होते.

सी-६०१: लाल रंग म्हणजे नक्की किती वाईट? एका तासाचा लाल झाला तर काय समजायचं?

ए-५०२: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक पातळ्यांत पीएम २.५ साठी २४ तासांची सरासरी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम आणि वर्षाची ५ आहे. म्हणजे त्या पातळ्या दिवसाच्या आणि वर्षाच्या आहेत. एका तासाचा आकडा त्यांच्याशी थेट ताडून बघायचा नसतो. रोजची सरासरी लावली तरी आपण १५ च्या बरेच वर आहोत, ही खरी काळजीची गोष्ट आहे, आणि त्यासाठी आरडाओरडा करायलाच हवा.

सेक्रेटरी: मग पत्रात काय लिहू?

ए-५०२: जे डोळ्यांनी दिसतं ते, तारीख-वेळ आणि फोटोसकट: ताडपत्री न टाकता जाणारे ट्रक, पाणी न मारता चाललेलं खोदकाम, फाटलेलं हिरवं कापड. आणि कुंपणाशी पीएम १० मोजून घ्यावं अशी लेखी मागणी, प्रदूषण नियंत्रण यंत्रणेला प्रतीसह. ती मोजणी आली की वाऱ्यासोबत पुन्हा आलेख काढू, तेव्हा पश्चिमेची कड काय सांगते ते सगळ्यांसमोर येईल.

सी-६०१: फोटो माझ्या बाल्कनीतून रोज काढून देतो. ट्रकचे नंबरही.

सी-१०४: दादा, वारा मोजायचं यंत्र गच्चीवर बसवलं तर विमानतळावर अवलंबून राहावं लागणार नाही ना?

ए-५०२: बसवू, पण पाण्याच्या टाकीच्या आडोशाला नको, तिथे वारा गोल फिरतो. टाकीपेक्षा उंच खांब लागेल. आणि सेन्सर सध्या जनरेटरच्या धुराड्याच्या बाजूला आहे, तो आधी तिथून हलवायचाय. रविवारी सकाळी १० ला वर ये, ड्रिल माझ्याकडे आहे.