१९३२ ला लाठीमार आणि १९३४ ला शांतता, असं का?

रानजाई: इंग्लंडमधल्या बेकारांच्या हंगर मार्चबद्दल, म्हणजे लंडनपर्यंत पायी काढलेल्या मोर्चांबद्दल वाचतेय. १९३२ ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये घोडेस्वार पोलीस गर्दीत घुसले, लाठ्या चालल्या. मग १९३४ च्या मोर्चात तसं का नाही झालं? सरकार बदललं होतं का?

सातारकर_अण्णा: सरकार तेच हो, मॅकडोनाल्डचं. माझ्या मते फरक पडला तो रोनाल्ड किड या पत्रकारामुळे. साध्या कपड्यातले पोलीसच लोकांना भडकवतात हे १९३२ ला आपण डोळ्यांनी पाहिलं असं तो सांगायचा, आणि ते त्याच्या डोक्यातून गेलंच नाही. १९३४ च्या फेब्रुवारीत मोर्चा लंडनला पोचायच्या आत त्याने नॅशनल कौन्सिल फॉर सिव्हिल लिबर्टीज ही नागरी हक्कांसाठी लढणारी संस्था उभी केली, कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर अध्यक्ष, आणि पेपरात जाहीर पत्र दिलं की आमची माणसं मोर्चावर नजर ठेवणार. एच. जी. वेल्ससारखा नामवंत लेखक बघतोय म्हटल्यावर लाठी उचलताना पोलीस विचार करणारच ना!

काळाकोट: अण्णा, रस्त्यावर जमलं ते कोर्टात नाही जमलं. त्याच वर्षी जुलैमध्ये लंडनमधल्या न्यू क्रॉसला कॅथरीन डंकन नावाची बाई बेकारांच्या ट्रेनिंग सेंटरसमोर खोक्यावर उभी राहून बोलणार होती. पोलीस म्हणाले पलीकडच्या रस्त्यावर जा, ती म्हणाली नाही, झाली अटक. तिने कोणाला चिथवलं असा आरोपसुद्धा नव्हता, फक्त वर्षभरापूर्वी तिच्या सभेनंतर त्या सेंटरमध्ये गडबड झाली होती एवढंच! कौन्सिलने केस लढवली, वकील डी. एन. प्रिट, तरी हरले. म्हणजे शांतता बिघडेल असं पोलिसाला वाटलं की बोलणाऱ्यालाच गप्प करायचं, हे मला आजही पटत नाही.

रानजाई: बापरे. मग १९३६ चा पब्लिक ऑर्डर ॲक्ट तरी मोस्लीच्या फॅसिस्टांना आवरायलाच होता ना?

काळाकोट: हो, लंडनच्या केबल स्ट्रीटवर मोस्लीच्या मोर्चावरून जी मोठी चकमक झाली, त्यानंतर आला, राजकीय युनिफॉर्मवर बंदी आली ते चांगलंच झालं. पण मोर्चे बंद करायचा अधिकारही त्यातच दिला आणि तो सगळ्यांनाच लागू, डाव्यांनाही. त्याआधी मार्चमध्ये लंडनच्याच थर्लो स्क्वेअरला फॅसिस्टविरोधी सभेवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या होत्या, कौन्सिलने त्याची स्वतः चौकशी केली, साक्षी घेतल्या, म्हणून हा धोका त्यांना आधीच दिसत होता.

सातारकर_अण्णा: रानजाई, आपल्याकडचंही वाचा. त्याच १९३६ मध्ये नेहरूंच्या पुढाकाराने मुंबईत इंडियन सिव्हिल लिबर्टीज युनियन निघाली, टागोर मानद अध्यक्ष आणि प्रत्यक्ष काम बघायला सरोजिनी नायडू. इथे तर बिनाखटला डांबून ठेवलेले लोक होते, त्यामुळे लढा अजूनच अवघड.