भरती-ओहोटीच्या बेटावर बोल्डरिंग : दिवस आणि वेळ कशी ठरवावी?

प्रश्न : लळिंगकर (धुळे)

आम्ही काही जण लळिंग परिसरातील आणि सातपुड्यातील कातळावर सराव करतो. येत्या हिवाळ्यात अलिबागच्या बाजूला, ओहोटीत चालत जाता येईल आणि भरतीला पाण्याने वेढले जाईल अशा लहान खडकाळ बेटावर बोल्डरिंग, म्हणजे दोराशिवाय कमी उंचीच्या खडकांवर चढाई, करण्याचा विचार आहे. खडक आपल्याकडच्यासारखा बेसाल्टच असला, तरी समुद्राचा अनुभव आमच्यापैकी कोणालाही नाही. वेळेचे गणित कसे बसवावे, आणि तेथे दोर अडकवण्यासाठी खडकात बसवलेले जुने बोल्ट आढळल्यास त्यांवर भार द्यावा का?

उत्तर : तापीकाठ (भुसावळ)

नोकरीनिमित्त मी रायगड जिल्ह्यात राहिलो आहे, म्हणून आग्रहाने सांगतो की तिथी पाहिल्याशिवाय तारीख ठरवू नका. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. तृतीयेला भरती सव्वादोनला, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी आठच्या सुमारास. अष्टमीची ओहोटी दुपारी बाराच्या आसपास येते आणि सोयीची वाटते. परंतु तो भांगाचा, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याचा, काळ असल्याने पाणी फारसे मागे हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात वाट चांगली उघडी पडते, पण ओहोटी सहाच्या सुमारास असल्याने संध्याकाळी परतताना अंधार गाठतो. म्हणून द्वितीया-तृतीयेची सकाळ मला सर्वांत योग्य वाटते. नेमकी वेळ मात्र अधिकृत तक्त्यावरूनच घ्यावी आणि स्थानिक कोळी बांधवांना विचारावी.

पाणी सारख्या वेगाने चढत नाही, हे विशेष ध्यानात ठेवा. उधाणात त्या किनाऱ्यावर पातळीचा फरक साधारण 4 मीटर असतो आणि त्यातला जवळजवळ निम्मा ओहोटीनंतरच्या तिसऱ्या व चौथ्या तासात भरून येतो. आपण उभे असलेला खडक कोरडा असतानाच मागची सखल वाट बुडालेली असू शकते. त्यामुळे ओहोटीनंतर तासाभरात परत निघावे.

कुलाबा किल्ल्यावरही ओहोटीत चालत जाता येते, परंतु 1680 साली बांधणी सुरू झालेला तो किल्ला संरक्षित स्मारक आहे. चुन्याविना रचलेल्या त्याच्या भल्यामोठ्या चिऱ्यांत बोटे रोवण्याचा मोह होईल, तो कृपया टाळावा.

उत्तर : कातळवेडा (जळगाव)

जुन्या बोल्टवर मुळीच विसंबू नका. खाऱ्या हवेत स्टेनलेस स्टीललाही ताणाखाली आतून सूक्ष्म तडे जातात आणि वरून तो चकचकीत दिसत राहतो. म्हणूनच समुद्रकड्यांवर टायटॅनियमचे बोल्ट वापरले जातात. आपण कमी उंचीचे बोल्डरिंगच करावे. भरतीरेषेखालच्या शेवाळलेल्या, शिंपल्यांनी धारदार झालेल्या पट्ट्यावर पाय टिकत नाही आणि तळवे कापतात. वरचा कोरडा भाग निवडावा, उडी कोठे पडेल ते आधी तपासून तेथे क्रॅश पॅड (पडल्यावर मार लागू नये म्हणून जाड गादी) ठेवावा, आणि प्रत्येक चढाईपूर्वी बुटांचे तळ फडक्याने पुसावेत. दोर व कॅराबिनर (दोर अडकवायच्या धातूच्या कड्या) नेलेच, तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावेत.